पल्प की हाफ मॅन हाफ बिस्किट? तिरकस इंग्रजी गाण्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा

१९८६ सालच्या सुरुवातीची दोन दृश्यं. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचं जहाजबांधणीचं गाव आहे. गोदीतली कामं आटलेली, पोरं बेकारभत्त्यावर. त्यातल्या पाच जणांनी ‘हाफ मॅन हाफ बिस्किट’ असं अचरट नाव घेऊन किरकोळ खर्चात एक अल्बम काढला. तो इंडी चार्टच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डच्या यादीच्या, डोक्यावर जाऊन बसला. त्याच सुमाराला डोंगरापलीकडे शेफील्डमध्ये ‘पल्प’ नावाच्या बँडचा गायक व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम करत होता. एका मुलीवर छाप पाडायची म्हणून हा गडी खिडकीबाहेर स्पायडरमॅनसारखा लटकायला गेला आणि खाली पडला. बँड काढून सात वर्षं उलटून गेली होती आणि शेफील्डबाहेर त्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

आता दहा वर्षं पुढे. फेब्रुवारी १९९६, लंडनमधला ब्रिट अवॉर्ड्सचा, म्हणजे ब्रिटिश संगीत पुरस्कारांचा, सोहळा. तोच गायक, जार्व्हिस कॉकर, मायकेल जॅक्सनचं गाणं रंगात आलेलं असताना स्टेजवर घुसतो, प्रेक्षकांकडे पार्श्वभाग करून हलवतो, आणि दुसऱ्या दिवशी देशभर त्याच्याशिवाय विषय नाही. बर्कनहेडची मंडळी तेव्हा काय करत होती? गाणी लिहीत होती, अधूनमधून एखादा कार्यक्रम करत होती आणि रात्री आपापल्या घरी झोपायला जात होती. आजही तेच करतात.

‘शब्दांवर जीव असलेला, हसवणारा एखादा ब्रिटिश इंडी बँड सांगा, पण एकच सांगा’ असं कोणी विचारलं की माझ्या तोंडावर या दोघांची नावं येतात आणि मी अडतो. कारण दोघं हसवतात, पण हसवण्याची जात वेगळी आहे. मराठीत विनोदाच्या जातींना वेगवेगळी नावं आहेत ही आपली मोठी सोय. जार्व्हिस कॉकर खवचट आहे. हाफ मॅन हाफ बिस्किटचा गीतकार-गायक नायजेल ब्लॅकवेल हा टवाळ आणि कोटीबाज आहे. खवचट माणूस तुमच्याकडे बघून बोलतो, त्यामुळे त्याचा चिमटा तुम्हाला लगेच कळतो. टवाळ माणूस गावाकडे बोट दाखवून बोलतो. गाव ओळखीचं नसेल तर तुम्ही नुसती हसणाऱ्यांची तोंडं बघत बसता.

माझा कौल बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरतो. पण आधी दोघांच्या कारकिर्दी बघू, कारण त्याही एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पल्प: रांगेत उभी राहिलेली मंडळी

पल्पची सुरुवात १९७८ ची. जार्व्हिस तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळेत. बँडचं नाव ‘अरबाकस पल्प’. अर्थशास्त्राच्या तासाला वस्तूंच्या भावांच्या यादीत सापडलेलं. पहिला शब्द लवकरच गळला. १९८१ मध्ये त्याने रेडिओवरच्या जॉन पीलच्या हातात कॅसेट ठेवली. बीबीसी रेडिओ १ वर रात्री नव्या बँडना जागा देणारा हा निवेदक म्हणजे त्या काळी नशिबाचा दरवाजाच. पीलने पोरांना सेशनसाठी, म्हणजे त्याच्या कार्यक्रमाकरता गाणी ध्वनिमुद्रित करायला, बोलावलं. शाळकरी पोरं, बीबीसीचा स्टुडिओ. वाटलं असणार, झालं आता आपलं. पीलकडचं त्यांचं पुढचं सेशन १९९३ मध्ये झालं. मध्ये बारा वर्षं गेली.

त्या बारा वर्षांत ‘इट’ (१९८३) आणि ‘फ्रीक्स’ (१९८७) असे दोन अल्बम आले आणि गेले. तिसरा, ‘सेपरेशन्स’, १९८९ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९९२ पर्यंत कंपनीकडे पडून राहिला. सभासद येत-जात राहिले. कीबोर्डवर कँडिडा डॉयल टिकली, ड्रमवर निक बँक्स टिकला. (निक हा १९६६ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स याचा पुतण्या. पल्पच्या कथेत यशाचा वारसा म्हणावा तर एवढाच.) हे तीन अल्बम तुम्ही नाही ऐकलेत तरी काही बिघडत नाही. मी ऐकलेत, म्हणून सांगतो.

१९८८ मध्ये जार्व्हिस कंटाळून लंडनला गेला आणि सेंट मार्टिन्स कॉलेजात सिनेमा शिकायला लागला. बँडच्या दृष्टीने ही जवळजवळ निवृत्तीच. पण या कॉलेजातच त्याला त्याचं सगळ्यात मोठं गाणं भेटलं.

‘कॉमन पीपल’ हे मे १९९५ चं गाणं. ग्रीसमधून शिल्पकला शिकायला आलेली एक श्रीमंत मुलगी नायकाला म्हणते, मला सामान्य माणसांसारखं जगायचंय. तो तिला घेऊन सुपरमार्केटमध्ये जातो. का, ते त्यालाही माहीत नाही. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून. तिथे तिला म्हणतो, खिशात पैसे नाहीत असं समज. ती हसते, तू भारीच मजेशीर आहेस म्हणते. आणि तो म्हणतो, हो का? इथे दुसरं कोणी हसताना दिसत नाही. बस्स, एवढंच. भाषण नाही, गरिबीचं गुणगान नाही, श्रीमंतांना शिव्या नाहीत. एक मुलगी हसली आणि बाकी कोणी हसलं नाही. पुढे गाण्याचा वेग वाढत जातो, आवाज चढत जातो. भिंतीवर झुरळं चढताना बघत रात्री पडून राहशील, तरी वडिलांना एक फोन केलास की सगळं संपेल, या जागी गाणं येतं तेव्हा मघाचा विनोद कधीच चिडीत बदललेला असतो. तो नेमका कुठे बदलला हे शोधायला मी हे गाणं कितीदा ऐकलं असेल, मोजलेलं नाही. हॉस्टेलला असताना आमच्यात एक जण होता. वडिलांच्या गाडीतून उतरून आमच्याबरोबर टपरीवर वडापाव खायचा आणि ‘खरी लाइफ ही’ म्हणायचा. वाईट नव्हता. पण गाडी कोपऱ्यावर थांबलेली असायची.

गाण्याची मूळ चाल जार्व्हिसने सेकंडहँड दुकानातून आणलेल्या एका छोट्या कॅसिओ कीबोर्डवर वाजवून काढली. चार्टवर गाणं दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण पहिल्यावर दोन टीव्ही अभिनेत्यांनी गायलेलं एक जुनं प्रेमगीत ठाण मांडून होतं. जून १९९५ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात शनिवारी रात्री ‘द स्टोन रोझेस’ वाजवणार होते. त्यांचा गिटारवादक सायकलवरून पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि ऐनवेळी पल्पला बोलावणं आलं. दहा वर्षांपूर्वी पडल्यामुळे ज्याची शोभा झाली, त्याला दुसरा कोणी पडल्यामुळे स्टेज मिळालं. ऑक्टोबरमध्ये आलेला ‘डिफरंट क्लास’ हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची रक्कम बँडने युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या ‘वॉर चाइल्ड’ला देऊन टाकली.

जॅक्सन प्रकरणात पोलिसांनी जार्व्हिसची चौकशी केली. स्टेजवरच्या लहान मुलांना त्याने धक्काबुक्की केल्याचा आरोप होता, तो चित्रफितीतून खोटा ठरला. पोलिसांसमोर त्याची बाजू सांभाळायला आला बॉब मॉर्टिमर. हा विनोदी अभिनेता, पण त्याआधी सॉलिसिटर. मला हा तपशील फार आवडतो; ज्याचा वकीलही विनोदी नट आहे अशा माणसाची गाणी ऐकण्यासारखी असणारच. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात येऊन गेला. आपल्याकडे तेव्हा पल्पचं नाव घेणारा एखादा सापडला असता तर नवल.

यानंतर यशच अंगावर आलं. १९९७ च्या सुरुवातीला व्हायोलिन आणि गिटार वाजवणारा रसेल सीनियर बँड सोडून गेला. १९९८ चा ‘धिस इज हार्डकोअर’ हा प्रसिद्धीची नशा उतरल्यावरचा, भीतीचा अल्बम आहे. तोही पहिल्या क्रमांकावर गेला, पण ‘डिफरंट क्लास’च्या आशेने आलेले श्रोते पांगले. त्यातल्या ‘डिशेस’ या गाण्याच्या सुरुवातीला जार्व्हिस सांगतो की मी काही येशू नव्हे, आमची आद्याक्षरं तेवढी सारखी आहेत. आणि मग भांडी घासण्याबद्दल बोलतो. खवचटपणा शिल्लक आहे, पण आता तो स्वतःवर वळलाय.

२००१ चा ‘वी लव्ह लाइफ’ स्कॉट वॉकर या बुजुर्ग गायकाने निर्मिलेला. त्यात ‘बॅड कव्हर व्हर्जन’ नावाचं एक गाणं आहे: आपल्याला सोडून गेलेल्या मुलीचा नवा प्रियकर म्हणजे आपली भिकार नक्कल, आणि मग जगातल्या अशा फसलेल्या गोष्टींची यादी. त्या यादीत स्कॉट वॉकरच्याच एका जुन्या अल्बमची दुसरी बाजू आहे. निर्माता समोर काचेपलीकडे बसलेला, आणि हा माइकसमोर ती ओळ गातोय! २००२ च्या अखेरीस दुकान बंद झालं. २०११ मध्ये मंडळी पुन्हा जमली, दोनेक वर्षांनी पुन्हा पांगली. मार्च २०२३ मध्ये बासवादक स्टीव्ह मॅकी गेला, त्याच वर्षी बाकीचे परत उभे राहिले, आणि जून २०२५ मध्ये चोवीस वर्षांनी नवा अल्बम आला: ‘मोअर’. थेट पहिल्या क्रमांकावर. त्यातल्या ‘स्पाइक आयलंड’मध्ये साठीच्या उंबरठ्यावरून पलीकडे गेलेला जार्व्हिस कबूल करतो की ओरडणं आणि बोटं दाखवणं, आपला जन्म एवढ्याचसाठी झालाय.

हाफ मॅन हाफ बिस्किट: रांग सोडून घरी गेलेली मंडळी

यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण यांनी गोष्ट घडू दिलीच नाही.

पहिल्या अल्बमचं नाव ‘बॅक इन द डीएचएसएस’. डीएचएसएस म्हणजे बेकारभत्ता देणारं सरकारी खातं, आणि नावात बीटल्सच्या ‘बॅक इन द यूएसएसआर’वर कोटी. नायजेल लिव्हरपूलमधल्या एका स्टुडिओत देखभालीचं काम करायचा, तिथेच हे सगळं ध्वनिमुद्रित झालं. ‘प्रोब प्लस’ या लिव्हरपूलच्या छोट्या कंपनीने अल्बम काढला आणि पुढची तीन दशकं यांनी कंपनी बदलली नाही. जॉन पीलने यांना उचलून धरलं. बर्कनहेड ज्या ‘विरल’ नावाच्या द्वीपकल्पावर आहे, पीलही मूळचा तिथलाच, जवळच्या हेसवॉलचा. त्याच्यासाठी यांनी पुढे डझनभर सेशन्स केली. पल्पला ज्या दारासमोर बारा वर्षं ताटकळावं लागलं, तिथे हे घरच्यासारखे येत-जात होते.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट. चॅनल ४ वर शुक्रवारी संध्याकाळी ‘द ट्यूब’ नावाचा थेट प्रक्षेपित होणारा संगीताचा कार्यक्रम असायचा. त्यावर झळकणं म्हणजे देशभर नाव. यांना आमंत्रण आलं. यांनी नाही म्हटलं, कारण त्या संध्याकाळी ट्रॅनमिअर रोव्हर्सचा सामना होता. ट्रॅनमिअर म्हणजे बर्कनहेडचा फुटबॉल क्लब, तेव्हा सगळ्यात खालच्या विभागात खेळणारा. सामन्याला वेळेत पोचवायला हेलिकॉप्टर देतो, असंही टीव्हीवाल्यांनी सुचवल्याचं सांगतात. तरी नाही.

१९८६ च्या अखेरीस बँड मोडला. बँड मोडले की ‘सांगीतिक मतभेद’ असं ठरावीक कारण देतात; यांनी ‘सांगीतिक साम्य’ असं दिलं. १९९० मध्ये पुन्हा जमले आणि तेव्हापासून थांबलेले नाहीत. नायजेल ब्लॅकवेल आणि नील क्रॉस्ली हे दोघं पहिल्यापासून आहेत, बाकीचे बदलले. लांबलचक दौरे करत नाहीत. एखाद्या गावात एक कार्यक्रम, संपला की गाडीत बसायचं आणि घर गाठायचं. २०१८ च्या अल्बमचं नाव पूर्ण वाक्याएवढं लांब होतं, मधे एक शिवी, शेवटी ‘तुझं कुंपण काप आधी’ असा सल्ला. आणि तो देशाच्या मुख्य चार्टवर पहिल्या चाळिसात गेला. कुठलीही जाहिरातबाजी न करता पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी हे केलं.

अल्बमांची नावं एकाखाली एक लिहा, त्यातच आत्मचरित्र सापडतं. तरुणपणी बेकारभत्त्याचं खातं. मग ‘फोर लॅड्स हू शूक द विरल’: बीटल्सना जग हलवणारी चार पोरं म्हणतात, यांनी आपला तालुका हलवला. ‘कॅमल लेअर्ड सोशल क्लब’: क्यूबातल्या ‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’ या गाजलेल्या वादक-गायकांच्या मेळ्याच्या नावात ‘ब्युएना व्हिस्टा’च्या जागी बर्कनहेडच्या गोदीचं नाव. २०११ मध्ये ‘९० बिसोडॉल’. बिसोडॉल ही ॲसिडिटीची गोळी. २०२२ मध्ये ‘द व्होल्टारोल इयर्स’. व्होल्टारोल म्हणजे सांधे दुखायला लागले की चोळायचं मलम, आपल्याकडे व्होव्हेरान म्हणून मिळतं त्याच औषधाचं. बेकारभत्ता, ॲसिडिटी, गुडघे. पल्पला वाढत्या वयावर गंभीर अल्बम करावा लागला, यांनी औषधाच्या दुकानातून दोन शब्द उचलले.

मग हसू कुठे येतं?

इथे माझं मघाचं वाक्य तपासून बघतो: खवचट तुमच्याशी बोलतो, टवाळ गावाशी. बऱ्याच अंशी ते खरं आहे. पल्पच्या गाण्यात प्रसंग असतो. ‘बेबीज’मध्ये एक मुलगा कपाटात लपलाय. ‘डिस्को २०००’मध्ये लहानपणची मैत्रीण आहे, दोघं एकाच सुमाराला जन्मलेले, घरच्यांना वाटायचं लग्न होईल यांचं. ती सगळ्या शाळेची आवडती झाली आणि हा कोपऱ्यात उभा राहिला. सन २००० मध्ये कारंज्यापाशी भेटू, असं तो म्हणतो; वाटल्यास बाळाला घेऊन ये, हेही म्हणतो. ते शेवटचं वाक्य हसत म्हटलंय की रडत, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. हे कारंजं खरोखर शेफील्डच्या फारगेट रस्त्यावर होतं, नंतर पालिकेने काढून टाकलं. पण हे माहीत नसलं तरी गाण्याचं काही अडत नाही. कोणाचंही अडत नाही, कारण असं कारंजं प्रत्येकाच्या गावात असतं.

हाफ मॅन हाफ बिस्किटच्या गाण्यात नावं असतात. टीव्हीवरचे विसरलेले निवेदक, खालच्या विभागातले फुटबॉलपटू, महामार्गावरचे थांबे, लेक डिस्ट्रिक्टमधली गावं, बिस्किटांचे ब्रँड. ‘द ट्रम्पटन रायट्स’ घ्या. ट्रम्पटन हे बीबीसीवरच्या १९६७ च्या बाहुल्यांच्या मालिकेतलं गाव. तिथे महापौर, फायर ब्रिगेड, सगळे गुण्यागोविंदाने नांदतात आणि रोज एखादी क्षुल्लक अडचण सोडवतात. ब्लॅकवेलने त्या गावात दंगल पेटवली, आणि तीही कधी? खाणकामगारांचा वर्षभराचा संप चिरडला गेल्यानंतर, ब्रिटनमधल्या शहरांत खरोखर दंगली होत असताना. ज्याचं बालपण त्या बाहुल्या बघत गेलं त्याच्या पोटात हसून दुखेल. तुम्हाला आणि मला आधी हे सगळं वाचावं लागतं. चाहत्यांनी त्यांच्या गाण्यांची ओळन् ओळ उतरवून टिपा लिहून ठेवल्या आहेत. मी त्या उघड्या ठेवूनच ऐकायचो, परीक्षेला बसल्यासारखा.

पण एक गाणं आहे ज्याने माझं वाक्य मोडलं. १९८६ चं. नाव भलतंच: नाताळला मला दुसरं काही नको, डुक्ला प्रागचा बाहेरच्या सामन्यांचा ड्रेस तेवढा हवा. डुक्ला प्राग हा चेकोस्लोव्हाकियाच्या लष्कराचा फुटबॉल क्लब. विषय आहे सबुटिओ, म्हणजे टेबलावर बोटाने टिचक्या मारून खेळायचा फुटबॉल. गल्लीतल्या एका मुलाकडे या खेळाचा सगळा सरंजाम आहे: प्रेक्षक, दिवे, सगळं. तुम्ही त्याच्या घरी खेळायला जाता, आणि तुमच्या वाट्याला येतो डोकं तुटलेला सेंटर फॉरवर्ड आणि दोन्ही हात नसलेला गोलकीपर. त्याच्याकडे मात्र डुक्ला प्रागचा दुर्मीळ संच, कारण त्याच्या काकाचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे आणि काकाने तो बाजूला काढून ठेवलेला.

हे ऐकलं आणि मी टिपा मिटवून ठेवल्या. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग! आमच्या सोसायटीतल्या त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही, पण तो आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा आणि आम्ही फळकुटावर खेळायचो. डुक्ला प्राग माहीत असण्याची गरजच काय? तेव्हा नकाशा नसतानाही या गावात शिरता येतं, फक्त दार कुठलं हे कोणीतरी सांगावं लागतं. उलट पल्पलाही नावांचा नाद आहेच. १९९२ च्या ‘शेफील्ड: सेक्स सिटी’ची सुरुवातच शहरातल्या उपनगरांच्या यादीने होते. पण तिथे नावं कुजबुजत उच्चारली जातात, मंत्रासारखी. अर्थ नाही कळला तरी अंगावर काटा येतो. ब्लॅकवेलच्या नावांचा अर्थ नाही कळला तर फक्त एक गिटार वाजत राहते.

आणि ती गिटार, खरं सांगायचं तर, फार काही करत नाही. संगीताच्या बाजूने तुलना एकतर्फी आहे. पल्पकडे डिस्कोचा ठेका आहे, कँडिडाचा जुना ऑर्गन आहे, व्हायोलिन आहे, नाटक आहे. शब्द न कळणाऱ्या माणसालाही ‘डिस्को २०००’वर पाय हलवावेसे वाटतील. हाफ मॅनकडे साधे पंकचे तीन सूर, मधूनच प्रार्थनेची किंवा बालगीताची उसनी चाल. संगीत शब्दांची हमाली करतं. उच्चारांचंही तसंच. जार्व्हिस यॉर्कशरच्या हेलात बोलतो, पण सावकाश, श्वास घेत, मधेच उसासे टाकत, जवळजवळ कानात. ब्लॅकवेल मर्सीकाठच्या सपाट आवाजात एका श्वासात पाच नावं कोंबतो. आपल्या शाळेतल्या इंग्रजीवर जार्व्हिसचं नव्वद टक्के कळतं. ब्लॅकवेलचं पहिल्या खेपेला निम्मं कळलं तरी पाठ थोपटून घ्या.

मग मी स्वतः जास्त काय ऐकतो? लाज वाटते, पण हाफ मॅन. पल्पचं एखादं गाणं पन्नासदा ऐकलं की ते पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गाण्यातला खवचटपणा बोथट होतो. चीड उरते, हसू ओसरतं. ब्लॅकवेलची गाणी उशिरा फुटतात. ‘२४ अवर गॅराज पीपल’मध्ये रात्री पेट्रोलपंपाच्या काचेआड बसलेल्या तिरसट पोराला एक गिऱ्हाईक मुद्दाम छळतं: दहा किटकॅट आण, रस्त्यांचा नकाशा आण. हे मला पहिल्यांदा नुसतं चावट वाटलं. वर्षभराने एकदा रात्री अडीचला हायवेवरच्या पंपावर, काचेच्या छोट्या भोकातून माझ्याकडे वर न बघणाऱ्या मुलाशी बोलताना मला ते आठवलं आणि मी एकटाच हसायला लागलो. पोराने शेवटी वर बघितलं.

दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे आलेले नाहीत, पण २०१० मध्ये एक गंमत झाली. बीबीसीने ‘६ म्युझिक’ हे रेडिओ केंद्र बंद करायचं ठरवलं. श्रोत्यांनी निषेध म्हणून हाफ मॅनचं ‘जॉय डिव्हिजन अव्हन ग्लव्ह्ज’ हे गाणं विकत घ्यायची मोहीम काढली. (‘जॉय डिव्हिजन’सारख्या गंभीर, काळवंडलेल्या बँडच्या नावाचे ओव्हनमधून ताट काढायचे हातमोजे, ही त्यातली कोटी.) गाणं चार्टवर ५६ व्या क्रमांकावर आलं, केंद्र वाचलं. आणि त्या केंद्रावर दर रविवारी दुपारी निवेदक कोण होता? जार्व्हिस कॉकर.

तिसरं एक नाव लोक घेतात, आर्ट ब्रूट. लंडनचा बँड, २००४ चं पहिलं गाणं ‘फॉर्म्ड अ बँड’. आम्ही बँड काढला, बघा आम्हाला, आम्ही बँड काढला, एवढाच मजकूर. गायक एडी आर्गोस गात नाही, सांगतो. आपण इस्रायल आणि पॅलेस्टाइनची दिलजमाई करणारं गाणं लिहू आणि ते ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या गाजलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमात ओळीने आठ आठवडे वाजवू, अशी त्याची योजना होती. दोन वर्षांत ‘टॉप ऑफ द पॉप्स’च बंद पडलं. अर्ध्या तासाचा वेळ असेल तर यांचा पहिला अल्बम मजेत जातो. त्यापुढे मी नाही गेलो.

तर निवड. गाण्यात गोष्ट हवी असेल, नाचायचं असेल, किंवा घरात दुसरं कोणी ऐकणारं असेल, तर पल्प. ‘डिफरंट क्लास’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता. मग मागे ‘हिज एन हर्स’ (१९९४), मग थेट ‘धिस इज हार्डकोअर’, पण तो रात्री आणि एकट्याने. ‘मोअर’ सगळ्यात शेवटी, कारण त्यातलं निम्मं हसू आधीचं सगळं माहीत असल्यावर येतं. शब्दकोड्यांचा नाद असेल, क्रिकेटच्या जुन्या धावफलकांतली नावं तुम्हाला उगाच पाठ असतील, गाडीत एकट्याने ऐकायचं असेल, तर हाफ मॅन हाफ बिस्किट. यांचा अख्खा अल्बम एकदम लावू नका, दमाल. रोज एक गाणं पुरे. ‘डुक्ला प्राग’ पहिलं, मग पेट्रोलपंपवालं, मग हातमोजे. ‘ट्रम्पटन’ महिनाभराने.

आणि डोकं नसलेल्या सेंटर फॉरवर्डपाशी पोचूनही तुमच्या गल्लीतला बॅटवाला आठवला नाही, तर बहुधा तो बॅटवाला तुम्हीच होतात. मग ग्रीसहून आलेल्या त्या मुलीचं गाणं लावा.